जपानी गाडी बिघडत न्हाय

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला नाही, देवापुढं हात जोडतानाही नाही. आज सांगते आहे. आणि आधीच सांगून ठेवते, मला रडू आलेलं नाही, तुम्हालाही रडवायचं नाही. ऐकून झाल्यावर मला चांगली म्हणायचं की वाईट, ते तुमचं तुम्ही ठरवा.

मी बारामतीची. लग्न होऊन अंथुर्ण्याला आले. सासरी कालव्याचं पाणी, द्राक्षाची बाग, डाळिंब, भाजीपाला. सासऱ्यांना सगळं गाव आबा म्हणतं, मीही आबाच म्हणते. माझं लग्न झालं त्याच वर्षी आबांनी जपानी कंपनीची पांढरी, सात जण बसतील अशी गाडी घेतली. गावातली तसली पहिलीच. नव्या सुनेपेक्षा गाडी बघायला जास्त माणसं आली होती, हे मी गमतीनं सांगत नाही, खरंच आली होती.

आबा आल्यागेल्याला त्या कंपनीचा इतिहास ऐकवायचे. शोरूममधल्या पोरानं सांगितलेलं, त्यात दरवेळी स्वतःची थोडी भर. लढाईत त्यांच्या देशाची राख झाली. खायची मारामार. तशातही त्यांनी बारक्या बारक्या गाड्या काढल्या, सगळं जग पत्र्याचे डबे म्हणून हसलं, आणि मग हसणाऱ्यांनीच त्या दारात आणून लावल्या. हे सांगताना आबांचा आवाज भरून यायचा. खडकाळ माळावर बाग उभी केलेला माणूस तो — त्याला त्या गोष्टीत स्वतःचं काही दिसत असेल. आणि शेवटी ठरलेलं वाक्य यायचं. "जपानी गाडी बिघडत न्हाय. बिघडवतो माणूस."

हे वाक्य तेव्हा मला आवडायचं. का आवडू नये?

गाडीवर ड्रायव्हर होता हमीदमामा. शेजारच्या कळस गावचा. आधी आमचा टेम्पो मार्केटला न्यायचा, गाडी आली तसा आबांनी त्याला गाडीवर घेतला. पन्नाशीला टेकलेला, कमी बोलणारा. सकाळी गाडी पुसायचा ती म्हशीची पाठ चोळावी तशी, मन लावून. मला माहेरी सोडायला-आणायला तोच. आणि अशाच एका फेरीत, बारामतीहून परत येताना, मी त्याला म्हणाले, "मामा, मला शिकवाल?"

त्यानं आरशातून माझ्याकडं बघितलं. "वैनी, आबा मला जित्ता गाडतील."

"आबांना कोण सांगतंय?"

महिनाभर तो नाही म्हणाला. मी महिनाभर विचारत राहिले. मग एक दिवस कालव्याच्या कडेला त्यानं गाडी थांबवली, उतरला, आणि पलीकडून येऊन शेजारच्या सीटवर बसला. मी मागून उतरले आणि स्टिअरिंगमागं जाऊन बसले.

तो आनंद तुम्हाला कसा सांगू? घरातून कुठंही जायचं तर मी कुणाला तरी विचारायचे, कुणाच्या तरी मागं बसायचे. आणि इथं पाय दाबला की एवढी थोरली गाडी माझं ऐकत होती. त्या आनंदाची मला तेव्हा लाज वाटली नाही आणि आज तर मुळीच वाटत नाही. माझ्या कबुलीत ते नाही. कुणाला वाटत असेल की सून चोरून गाडी शिकली हाच गुन्हा, तर त्यानं इथंच वाचायचं थांबावं.

मामा शिकवायचा चांगलं. ओरडायचा नाही. एकच गोष्ट त्यानं मला दटावून सांगितली होती. डॅशबोर्डवर तेलाच्या किटलीचं एक चित्र असतं. "त्यो लाल दिवा लागला की गाडी जाग्यावर बंद. रस्त्यात, चिखलात, कुठं बी असा. आबा सोता आडवं आलं तरी आधी गाडी बंद." म्हणजे मला माहीत होतं. हे लक्षात ठेवा — मला माहीत होतं.

तो शुक्रवार होता. घरची सगळी इंदापूरला लग्नाला गेली होती, पाहुण्यांच्या जीपमधून. नवरा पुण्याला मार्केटला. मी डोकं दुखतंय म्हणून मागं राहिले होते. डोकं दुखत नव्हतं. हमीदमामा दुपारी नमाजाला कळसला गेला, तो तिकडंच जेवून संध्याकाळी येणार होता. गाडीची किल्ली ओट्यावरच्या खिळ्याला.

इथं मी तुम्हाला म्हणू शकले असते की बारामतीहून फोन आला, आई अत्यवस्थ होती. तुम्ही हळहळला असता. खरं सांगते, आई ठणठणीत होती, पापड वाळत घालत असेल. मला कुठंही जायचं नव्हतं. मला फक्त गाडीत एकटीनं बसायचं होतं. शेजारी मामासुद्धा नको होता.

डांबरी रस्त्यावर कुणी ओळखेल म्हणून ओढ्याकडच्या कच्च्या वाटेनं गेले. खिडक्या उघड्या टाकल्या. मोठ्यानं गाणं म्हटलं. आणि परत फिरताना एका दगडावर गाडी खालून अशी आदळली की माझे दात वाजले. थांबले नाही. थोडं पुढं आले, आणि तो लाल दिवा लागला.

मी त्याच्याकडं बघितलं. मामाचा आवाज अगदी कानात आला. थांबवली तर काय होईल? गाडी रानात, मी गाडीत, संध्याकाळपर्यंत सगळ्या गावाला कळेल. मी थांबले नाही. दिवा लागलेला, आतून काहीतरी ठकठक वाजायला लागलेलं, आणि मी रडत रडत गाडी घरापर्यंत आणली, शेडमध्ये होती तशी लावली. खाली तेलाचे डाग पडले होते त्यांवर माती ओढली. किल्ली खिळ्याला. मग अंघोळ केली.

ही चूक झाली. मोठी झाली. पण एवढ्यासाठी मी इतकी वर्षं गप्प बसले नसते. पुढचं सांगते.

दुसऱ्या दिवशी सकाळी आबांना पुण्याला जायचं होतं, घाई होती. मामा रोज बॉनेट उघडून तेल बघायचा. त्या दिवशी आबा आधीच गाडीत बसून "चल, चल" करत होते. त्यानं गाडी चालू केली. असा आवाज आला की मी स्वयंपाकघरातून बाहेर आले. त्यानं लगेच बंद केली, पण जायचं ते गेलं होतं. बारामतीहून कंपनीचा मेकॅनिक आला, गाडीखाली शिरला, बाहेर येऊन म्हणाला, खालची तेलाची टाकी दगडानं फुटली आहे आणि तेलाशिवाय गाडी बरीच चालवली आहे. "गाडीत दोष नाही साहेब. चालवणाऱ्याची चूक आहे."

गाडीत दोष नाही. आबांना तेवढंच ऐकायचं होतं असं मला वाटलं. त्यांचा चेहरा क्षणभर उजळला सुद्धा. मग ते मामाकडं वळले.

"कुठं घातली हुतीस गाडी?"

"आबा, काल मी तिला हात बी लावला न्हाय."

"मग काय, गाडी एकटीच फिरून आली? काल घरी हुतं त्यात दुसऱ्या कुणाला येती?"

अंगणात आम्ही सगळे उभे. सासूबाई, शेजारचे तात्या, दोन गडी, मी. मामानं खाली बघितलं, मग शेडमधल्या ओढलेल्या मातीकडं, आणि मग माझ्याकडं. फार वेळ नाही. म्हणाला, "वैनीस्नी इचारा."

आबा हसले. खरंच हसले. "वैशाली, तुला येती व्हय गं गाडी?"

"नाही आबा," मी म्हणाले. "मला कुठली येतेय?"

इथवर भित्रेपणा. भित्रेपणाला माणसं समजून घेतात. तुम्हीही घेतला असता. पण मी तिथं थांबले नाही. मला कुणी आणखी काही विचारलंच नव्हतं, आणि मी आपण होऊन म्हणाले, "काल दुपारी गाडी बाहेर जाताना आवाज आला होता मला. मला वाटलं, मामाच नेतायत."

हे वाक्य कुठून आलं? मी शोधलंय. कितीतरी वेळा शोधलंय. ते भीतीतून आलं नव्हतं, भीती पहिल्या वाक्यात संपली होती. हे मी विचार करून, नीट जुळवून बोलले होते. त्यानं माझं नाव घ्यायची हिंमत केली, याचा मला राग आला होता. ज्यानं मला शिकवलं त्याचा — राग. बघा, हे असं आहे.

मीच वैनीला चोरून शिकवली, कालव्याच्या कडेला, दोघंच असताना — हे मामा त्या अंगणात कसं सांगणार होता? कळसच्या हमीदनं, आबांच्या सुनेबद्दल? त्याला ते कळलं. मला त्याच्या आधी कळलं होतं. त्याच भरवशावर मी बोलले होते.

आबांनी त्याला त्याच पावली काढला. शिवी दिली नाही, हात उगारला नाही, नुसतं म्हणाले, "खरं बोलला असतास तर ठेवला असता."

गाडीचं इंजिन खोलून नवं केलं आणि ती पुढं किती वर्षं धावली! आबांच्या गोष्टीत आता नवा भाग आला. ड्रायव्हरनं पार वाट लावली होती, तरी बघा, कशी पळती. लग्नात, बाजारात, कारखान्यावर ते सांगत राहिले. गाडीचं नाव वाढत गेलं आणि त्याच तोंडानं हमीदमामाचं बुडत गेलं. जी गाडी कुणाच्यानं बिघडत नाही ती ह्यानं बिघडवली, मग ह्याच्या हातात कोण आपली गाडी देणार? इंदापूर तालुक्यात त्याला कुणी दिली नाही. बारामतीत त्यानं भाजीच्या गोण्या उचलल्या, एसटी धुतल्या. मला हे सगळं कळत होतं. गडी बोलायचे, मी भाकरी थापत ऐकायचे.

एकदा टीव्हीवर दाखवलं, एका जपानी कंपनीच्या गाड्यांत काही दोष निघाला होता आणि तिचा सगळ्यात मोठा साहेब लोकांपुढं कमरेत वाकून उभा होता. आबा म्हणाले, "ह्याला म्हनत्यात इज्जत. चुकलं तर वाकायचं." मी त्यांच्या हातात चहा दिला.

पुढं काळ बदलला. नवऱ्यानं मला कौतुकानं गाडी शिकवली. मी मुद्दाम चुकले, गाडी बंद पाडली, घाबरल्यासारखं केलं. तो माहेरच्यांना सांगायचा, "आठ दिवसांत शिकली, उपजतच हुशार आहे." आता माझी स्वतःची गाडी आहे, त्याच कंपनीची. होय, त्याच. मला ती आवडते.

यंदा उन्हाळ्यात बारामतीला जाताना टायर बसल्यासारखा वाटला म्हणून रस्त्याकडेच्या हवेच्या दुकानाशी थांबले. पाइप घेऊन आलेला म्हातारा हमीदमामा होता. दाढी पांढरी, पाठ वाकलेली. त्यानं हवा भरली, मीटर बघितला, टोपण बसवलं. मी खाली उतरले.

"मामा, मला सांगायचंय—"

"मला काय सांगताय?" तो म्हणाला. "मला ठावंच हाय की." पाइप गुंडाळत राहिला. मग म्हणाला, "माझी शबाना हाय. बारामतीत शिवणकाम करती. लगीन जमत न्हवतं तवा तिनं इचारलं हुतं, अब्बा, खरंच तुमी केलं हुतं का? मी न्हाय म्हनलो. गप बसली. अजून बी गप बसती, वैनी. तिला सांगा."

हवेचे पैसे त्यानं घेतले. सुट्टे परत दिले.

मी शबानाकडं गेले. खरंच गेले. तिनं ओळखलं नाही, स्टूल दिलं, चहा दिला. मी ब्लाउजचं माप देऊन परत आले. ब्लाउज आणायला गेले तेव्हाही नाही बोलले. छान शिवला आहे. म्हणून हे लिहितेय आणि छापायला देतेय, कारण समोर बसून माझं तोंड उघडत नाही, आणि इतक्या वर्षांनी मी ते उघडायची वाट बघणार नाही.

तेव्हा माझं वय लहान होतं, नवी सून होते, घर कडक होतं, हे सगळं खरं आहे. पण त्यातलं एकही ते दुसरं वाक्य माझ्याकडून वदवून घेत नव्हतं. कुणी माझ्या वतीनं ही कारणं पुढं केली तर मी ती परत करीन. आबा अजून आहेत, चष्मा लावून छापलेलं सगळं वाचतात, हेही वाचतील. घरात काय व्हायचं ते होईल. नवरा म्हणेल, आता कशाला उकरायचं. त्याचं मी ऐकणार नाही.

शबाना, तुझ्या दुकानात येऊन जिनं निळा ब्लाउज शिवून नेला ती मी. आबांची सून. त्या शुक्रवारी तुझे अब्बा कळसला नमाजाला होते. गाडी मी नेली, मी फोडली, लाल दिवा लागलेला मी बघितला, आणि भरल्या अंगणात त्यांच्यावर आळ मी घातला. ते तुला खरं सांगत होते.