एकशे अठ्ठावीस बाइटांचा डबा

नाशिकच्या त्या छोट्या कंपनीत माझी नोकरी सहा महिन्यांच्या बोलीवर होती. काम पसंत पडलं तर कायम, नाहीतर येवल्याला आईकडे परत. सहावा महिना चालू होता आणि सोमवारी माझा कोड कंपनीच्या साहेबांपुढे जायचा होता.

कोड कर्नलमधला, म्हणजे कॉम्प्युटरच्या अगदी माजघरातला. एखाद्या प्रोग्रॅमने विचारलं की हा निरोप कुठून आला, तर पाठवणाऱ्याचा पत्ता त्याच्या हाती द्यायचा, एवढंच. पत्ते लहानमोठे असतात, म्हणून जागा एकशे अठ्ठावीस बाइटांची ठेवतात. माझ्या कोडमधला पत्ता सोळातच मावत होता. मी सोळा भरले आणि अख्खे एकशे अठ्ठावीस देऊन टाकले. सगळ्या चाचण्या पास! खुशीत माझं काम तपासणाऱ्या मॅडमना दाखवायला गेले.

मॅडम मूळच्या सायखेड्याच्या. कर्नलमध्येच त्यांचे केस पांढरे झालेले. त्यांनी कोड वाचला आणि विचारलं, "शेजारणीचा डबा कसा परत देतेस गं?"

"रिकामा नाही देत. काहीतरी घालून देते."

"तेच केलंयस तू इथं. उरलेल्या जागेत काय हाय, बघ जरा."

मला रागच आला. चूक असेल तर सरळ सांगावी, कोडी कसली घालायची! फणकाऱ्यातच ते उरलेले बाइट स्क्रीनवर छापून पाहिले. मेमरीत आधीच्या कामाचं उष्टं तसंच पडलेलं होतं, आणि त्यात चाचणीसाठी मीच टाइप केलेल्या, पासवर्डसारख्या गुप्त किल्लीचे तुकडे. पत्ता विचारणाऱ्याला मी घराची किल्ली देत होते.

दुरुस्ती दोन-तीन ओळींची. आधी सगळी जागा शून्यांनी पुसायची, मग पत्ता भरायचा, आणि द्यायचे ते फक्त सोळा.

सोमवारी साहेबांनी दुरुस्त्यांची यादी वाचली. "ही माहितीची गळती कुणाला सापडली?"

"हिला," मॅडम म्हणाल्या.

गप्प राहिले असते तर खपून गेलं असतं. तरी बोलले. "सर, ती केलीही मीच होती."

साहेबांनी मॅडमकडे पाहिलं.

"म्हणून तर म्हणते, हिला ठेवा. चूक दडवणाऱ्याच्या हाती कर्नल द्यायचा नाय."

शोधायला त्यांनीच लावलं होतं, हे सांगायला मी तोंड उघडलं, तर त्यांनी टेबलाखालून माझा पाय जोरात दाबला. मी कायम झाले. त्यांचे उपकार या जन्मी फिटायचे नाहीत.