अकरा विश्वस्तांचे होमपेज

कै. जीवराम झुलाल फेगडे (१९५३–२०२४), राहणार फैजपूर, हे एका सहकारी संस्थेतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले आणि सर्पदंश साहाय्य मंडळाचे सचिव झाले. दंशावरची लस आज कोणत्या दवाखान्यात शिल्लक आहे, हे रोज सकाळी सांगणारी वेबसाइट मंडळाने जळगावच्या मोहिनी भंगाळे हिच्याकडून करवून घेतली होती.

मोहिनीने होमपेजवर एकच मोठे लाल बटण ठेवले होते: ‘आज लस कोठे?’ सचिव जीवराम आबांनी ते पार तळाशी ढकलले. वर अकरा विश्वस्तांची छायाचित्रे, मानाच्या क्रमाने, एकामागून एक सरकणारी.

“आबा, घाबरलेला माणूस वाचत नाही हो. बोट ठेवायला जागा शोधतो.”

“पोरी, आधी सत्कार, मग कामकाज. चार सभा पाहिल्यास की कळेल.”

२०२२च्या श्रावणात, सकाळी नऊच्या सुमारास, केळीच्या बुंध्याशी फुटलेली पिले कापताना आबांच्या पत्नी कुंदाबाई यांच्या पायाला घोणस डसली. शेजारच्या झिपरूने दोघांना आपल्या टेम्पोत घेतले आणि फाट्यावर गाडी उभी केली.

“आबा, कोठी घालू? सावदा का भुसावळ?”

वाट चुकली तर परत फिरायला घोणस सवड देत नाही, हे आबांनी स्वतःच मंडळाच्या पत्रकात छापले होते. त्यांनी मोबाइल काढला. अध्यक्ष सरकले, उपाध्यक्ष आले. ओल्या बोटाने पान वर ढकलू गेले, तर उपाध्यक्षांचा सविस्तर परिचय उघडला. तो बंद करण्याची खूण सापडेना. अक्षरे हलू लागली. कुंदाबाईंचा घोटा डोळ्यांदेखत फुगत होता.

“काय पाहून राह्यले?” त्या कण्हत म्हणाल्या. “सोताचाच फोटू का?”

पडद्यावर खरोखरच सचिव हसत होते.

“आबा, बोला ना!” झिपरू ओरडला.

आबांनी मोहिनीला फोन लावला. “पोरी, तुझी काकू... घोणस... लस कुठे आहे ते मला सापडत नाही.”

ती एक शब्दही वावगा बोलली नाही. “सावदा. भुसावळला आज नाही. मी दवाखान्यात कळवते, तुम्ही निघा.”

कुंदाबाई वाचल्या. नऊ दिवस दवाखान्यात राहिल्या. डाव्या पायाची दोन बोटे मात्र कायमची बधिर झाली.

पुढच्याच सभेत आबांनी ठराव मांडला: लाल बटण सर्वांत वर, छायाचित्रे आतल्या पानावर, आणि होमपेजमधला कोणताही बदल साठी ओलांडलेल्या माणसाने ओल्या हातांनी, बागेत उभे राहून तपासल्याखेरीज मंजूर होऊ नये. ठराव बहुमताने संमत झाला. इतिवृत्तावर उपाध्यक्षांची सही आजतागायत व्हायची आहे.