टपावर जागा नाही

“हे राहू द्या इथंच. मंग येजा न्याले.”

एवढं बोलून मामा बसच्या टपावरून हात झटकायचे आणि खाली उभ्या असलेल्या बिऱ्हाडाची एक तरी वस्तू सौंसरच्या बसस्टॅन्डवर राहून जायची. कधी पाळण्याच्या कड्या, कधी सूप, कधी बाज.

मामा हमाल होते. खरं तर ते कोणाचेच मामा नव्हते, पण सगळे मामाच म्हणायचे. माझं झेरॉक्सचं दुकान स्टॅन्डसमोरच, त्यामुळे हा तमाशा मला बसल्या जागी फुकटात दिसायचा. तुम्ही साधी बॅग घेऊन नागपूरला निघालात तर मामा तुमच्याकडे ढुंकूनही बघायचे नाहीत. चूलभांडी बांधून निघालेलं घर दिसलं, की मात्र त्यांच्या अंगात यायचं.

खोटं बोलण्यात त्यांचा हात कोणी धरला नसता. “पाट्यानं गाडी घाटात उलार होते,” ते बिनदिक्कत सांगायचे. सौंसर-नागपूर रस्त्यावर घाट कुठला, हे गडबडीत कोणाला सुचायचं नाही.

सुगंधाबाईंना सुचलं होतं. मोहगावच्या पलीकडे मामांचा टोला, म्हणजे बारा घरांची वस्ती, त्यातली ही शेजारीण. त्या टोल्यात लागोपाठ दोन वर्षं गारपिटीनं संत्र्याचा बहार झोडपला, मग उन्हाळ्यानं झाडंच वाळवली. विहिरी आटल्या, हातपंपातून नुसती हवा यायला लागली. एकेक घर बांधकामावर मजुरीला नागपूरकडे निघालं.

“घाट कुठं हाय, मामा? अन् जागा दिसून राहिली ना टपावर!” सुगंधाबाई खालून ओरडल्या.

“दिसते. पण हाय नाही.”

बाईंनी मामांच्या सात पिढ्या उद्धरल्या, पण बस सुटली आणि त्यांचा पाटा-वरवंटा माझ्या दुकानामागच्या पडवीत आला. तोवर पडवीत निम्म्या टोल्याचा संसार गोळा झाला होता.

मला खरंच वाटायचं, म्हातारा हे सगळं विकणार. एकदा मी तोंडावर विचारलं, “मामा, भंगारवाल्याशी बोलणं झालं का?”

ते रागावले नाहीत. पायरीवर बसले. “पाटा कोन घेईन भंगारात, भाऊ?” मग म्हणाले, “पुरं सामान गेलं का मानूस मांगं पाहत नाही. एखादं राहिलं तं येनंच पडते.”

मी खजील झालो. तरी माझी जीभ गप्प बसेना. “आले तर पितील काय?”

“थे पाह्यतो मी.”

सुगंधाबाई मात्र दर दिवाळीला यायच्या. स्टॅन्डवर उभ्या राहून मामांना मनसोक्त शिव्या द्यायच्या, दोन दिवस टोल्यावर राहायच्या आणि पाटा न घेता परत जायच्या. “नेत काहून नाही मग?” मी एकदा त्यांच्याच बोलीत विचारलं. “नेला तं याले बहाना काय राहीन?” म्हणाल्या आणि पदर तोंडाला लावून हसल्या. म्हणजे दोघांनाही सगळं ठाऊक होतं. बावळट मी एकटाच.

टोल्यावर शेवटी मामांचंच एक घर उघडं राहिलं. एका घरासाठी पाण्याचा टँकर कोण पाठवणार? मामांनी शक्कल लढवली. रोज सकाळी ते आपलेच कपडे धुऊन बाराही अंगणांत एकेक वाळत घालायचे. टँकरवाला बघायचा, टोला नांदतो आहे. महिनाभर हे चाललं.

“मामा, पुऱ्या टोल्यात एकाच चौकडीच्या लुंग्या काहून हाय?” एक दिवस त्यानं विचारलं.

“कापडाचं पुरं थानच घेतलं सगळ्यायनं मिळून. सस्तं पडलं.”

टँकरवाला हसत सुटला आणि तो उन्हाळाभर येत राहिला. पुढच्या वर्षी दुसरा माणूस आला. त्याला हसू येत नव्हतं. टँकर बंद झाला. मामा सायकलला डबे बांधून मोहगावहून पाणी आणायला लागले आणि ऐन मे महिन्यात रस्त्यातच चक्कर येऊन पडले. नागपूरहून मुलगा आला आणि त्यांना घेऊन गेला. टोला पुरा रिकामा झाला. मामा बसमध्ये बसले, तेव्हा मला रडू आलं.

तेव्हापासून दर आठवड्याला त्यांचा फोन. “आलं का कोनी न्याले?”

या दिवाळीत सुगंधाबाई आल्या. सोबत मुलगा आणि रिकामा टेम्पो. टोल्यावर गेल्याच नाहीत, थेट दुकानात आल्या. “पाटा द्या, भाऊ.”

“अहो, टेम्पोत कुठे जागा...” मी म्हणून बघितलं. मला मामांसारखं जमत नाही.

बाई हसल्या नाहीत. “आता भांडू कोनासंगं इथं?” म्हणाल्या. मुलानं पाटा उचलला.

संध्याकाळी मामांचा फोन आला. “सुगंधा आल्ती का?”

“आल्या होत्या. शिव्या देऊन गेल्या तुम्हाला.”

“अन् पाटा?”

“आहे ना. इथेच आहे.”

मामा हसले. खोकला येईपर्यंत हसले. “म्या म्हटलं नव्हतं? येते थे. दर सालले येते.” मग आवाज खाली आणून म्हणाले, “त्याच्यावर एखादं पोतं टाकून ठेवजा, भाऊ. धूळ बसन.”

“टाकतो,” मी म्हणालो.