दहा फुटांचं तळं

जळकोटच्या बाजारात शिवलिंगचं किराणा दुकान आहे. परवा साखर तोलता तोलता तो मला म्हणाला, "व्यंकटी, आमच्या नातीचा नांदेडच्या कॉलेजात पर्यावरण व्यवस्थापनाला नंबर लागलाय. त्यात काय शिकवतात रे? तुमच्या वस्तीतली पंचशीला तेच शिकली ना?"

मी "हाव" म्हणालो. पुढचं दुकानात उभं राहून सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून लिहितो.

मी कॉलेज आतून पाहिलेलं नाही. दोन कॉलेजांचे पाये मात्र खणलेत. चाळीस वर्षं माती उपसली. भोकरकडे कालवे खणले, औशाकडे रस्त्याचा भराव टाकला, उरलेली वर्षं विहिरी. काठावर उभं राहून खड्डा किती खोल आहे ते मी सांगू शकतो. वीतभर चुकलो तर चुकलो.

पंचशीला माझा जोडीदार मारोती याची मुलगी. मारोतीची आणि माझी कुदळ बहात्तरच्या दुष्काळात शेजारी शेजारी लागली. गावाचं तळं आम्ही त्या दुष्काळी कामावर खणलं. पुढं मारोती लहानग्या पंचशीलाला तळ्याच्या पाळीवर उभं करायचा आणि म्हणायचा, "हे तुझ्या बापानं खणलंय. दहा फूट. मोजून घे." दोन हजार दहा साली तो गेला. तळ्याखालच्या उथळ विहिरीवर आमची वस्ती जगते. तळ्यात पाणी असलं की विहिरीला पाणी असतं.

बारावीनंतर पंचशीलानं पर्यावरण व्यवस्थापन घेतलं, ते या तळ्यामुळं. गावानं मन भरून हसून घेतलं.

"म्हंजी कचऱ्याची मॅनेजर व्हणार का गं?" सरपंच बसवंतअप्पांनी चावडीवर विचारलं.

"व्हय अप्पा. पहिला कचरा तुमच्या ग्रामपंचायतीतला काढीन," ती म्हणाली.

तिची आई सरजाबाई घाबरून तिला दटावत होती. अप्पा मात्र हसले.

सुट्टीत आली की ती मला सगळं सांगायची. पाण्याचा एक विषय, मातीचा एक, हवेचा एक, कायद्याचा एक. सहलीला सांडपाण्याचा कारखाना दाखवतात, तिथं नाक धरायचं नसतं. प्रयोगशाळेत पाणी तपासायला शिकवतात, पण त्या वर्षी प्रयोगशाळेच्या नळालाच पाणी नव्हतं. पोरं घरून बाटल्या आणायची आणि तेच तपासायची. पहिल्याच दिवशी सरांनी विचारलं होतं, जग वाचवायला कोण कोण आलंय? तिनं हात वर केला. सर म्हणाले, "खाली घे. आधी अहवाल लिहायला शीक."

तिनं ते मनावर घेतलं. लिहायला शिकली, मोजायला त्याहून चांगलं शिकली. टेप ताणून धरायची, झोळ पडू द्यायची नाही. आकडा दोनदा वाचायची, मग लिहायची. माझ्या गँगमध्ये इतकं नीट काम करणारे चार गडी नव्हते.

शेवटच्या वर्षी प्रत्येकाला एक प्रकल्प करावा लागतो. तिनं आमचं तळं घेतलं. तळ्यात गाळ किती साठला आणि तो काढला तर पाणी किती राहील, हे तिला सांगायचं होतं. दोन वर्षं पाऊस नव्हता, तळं कोरडं होतं. सरजाबाई टँकरच्या रांगेत उभी राहायची. पंचशीला म्हणाली, "काका, हा अहवाल मार्कांसाठी न्हाई. यावर गाळ निघणार हाय."

तळं मुळात किती खोल होतं, ते आधी लागतं. ती लातूरला गेली. आम्ही तळं खणलं तेव्हा आमचा जिल्हा उस्मानाबाद होता. ब्याऐंशी साली लातूर जिल्हा वेगळा झाला, तेव्हा जुनी कागदं पोत्यांत भरून इकडं आली. त्यातली कितीतरी वाळवीनं खाल्ली. तीन खेटे घातल्यावर तिला एका रजिस्टरात एक ओळ सापडली. गावाचं नाव, साल आणि खोली, दहा फूट. ती नाचत आली. "बाबा म्हणायचे तेच निघालं!"

मग आम्ही दोघांनी तळ्यात तीन खड्डे घेतले. तिन्ही जागी तीन फूट काळा गाळ निघाला. त्याखाली कुदळ खणकन वाजली. पिवळा, चुनखडीचा, दगडासारखा थर.

तिनं तळ्याच्या जुन्या काठापासून दोरी लावून मोजलं. काठापासून आजच्या तळापर्यंत पाच फूट, त्याखाली गाळ तीन फूट. म्हणजे आठ झाले. रजिस्टरात दहा.

"काका, दोन फूट कुठं गेले?"

ते दोन फूट कुठं गेले ते मला माहीत होतं.

बहात्तर साली आठ फुटांवर हाच थर लागला होता. कुदळ मारली की हाताला झिणझिण्या यायच्या, निघायचं मूठभर. मुकादम म्हणाला, दहा फूट भरलं नाही तर काम बंद, गँग दुसऱ्या तालुक्यात हलवतो. घरी म्हातारी माणसं होती, हलणार कसं? खणताना मधे मधे मातीचा एक खुंट न खणता सोडायचा, अशी रीत असते. त्याच्या माथ्यावर मूळ जमिनीतली हराळीची मुळं तशीच राहतात. खुंटाची उंची ती खड्ड्याची खोली. मोजणारा साहेब त्याच खुंटाला टेप लावतो. म्हणून त्याला साक्षीदार म्हणतात.

साहेब बाजाराच्या दिवशी यायचा नाही. त्या दिवशी मारोतीनं आणि मी प्रत्येक साक्षीदाराच्या माथ्यावरची हराळीची खपली खोऱ्यानं अलगद उचलली. खाली दोन फूट ओली माती धुमसून, ठोकून बसवली आणि खपली परत ठेवली. टोपी घालावी तशी. साहेबानं टेप लावला आणि लिहिलं, दहा. जवळजवळ चाळीस वर्षं दहा म्हणता म्हणता मारोतीला ते खरंच वाटायला लागलं होतं.

पंचशीलानं खड्ड्यात उभ्या उभ्याच सरांना फोन लावला. सर म्हणाले, सरकारी नोंद चुकत नसते, तुझा खड्डा चुकला असेल. खालचा दबलेला गाळ असेल, पाच फूट लिही. तिनं फोन खिशात ठेवला आणि माझ्याकडं पाहिलं.

"सर नांदेडात बसून बोलून राहिलेत. तुमी खणलंय. हा थर तुमच्या वेळचा का नंतरचा?"

मारोती गेला तेव्हा तिच्या हातात एक घर आणि ही दहा फुटांची गोष्ट उरली होती. हे मी कारण म्हणून सांगतो. दुसरं कारण असं की मलाही लाज वाटत होती.

"नंतर दबून झाला आसंल," मी म्हणालो.

"खात्रीनं?"

"हाव."

तिनं दोनदा वाचून लिहिलं. गाळ, पाच फूट.

अहवालाला पहिली श्रेणी मिळाली. बसवंतअप्पांनी त्याची झेरॉक्स अर्जाला जोडली. शहरातल्या एका संस्थेनं पोकलेन मशीन दिलं. लातूरला रेल्वेनं पाणी येत होतं, तेव्हाची ही गोष्ट. अप्पांनी नारळ फोडला आणि पंचशीलाला हार घातला. म्हणाले, "कचऱ्याची न्हाई, पाण्याची मॅनेजर झाली आमची पोरगी!" सरजाबाई पदर तोंडाला लावून उभी होती.

पंचशीला ऑपरेटरला म्हणाली, "पाच फूट. बोटभर जास्त नको." तिनं खुंट्या ठोकून दिल्या. गडी प्रामाणिक होता. काळा गाळ निघाला, लोकांनी शेतात नेला. तिसऱ्या दिवशी मशीनच्या दातांचा आवाज बदलला. ऑपरेटर खाली उतरला.

"ताई, हितं कडक लागलंय. पिवळं हाय. काढू का ऱ्हाऊ देऊ?"

ती माझ्याकडं वळली. मी तांब्या तोंडाला लावला आणि पाणी पीत राहिलो. तहान नव्हती.

"दबलेला गाळ हाय. काढा," ती म्हणाली.

दोन एकर थर फुटला. खाली भुसभुशीत मुरूम लागला. पिवळी ढेकळं कोणी शेतात नेली नाहीत, पाळीवर ढीग पडून राहिला.

त्या वर्षी पाऊस चांगला झाला. तळं काठोकाठ भरलं. पोरांनी उड्या मारल्या. दसऱ्याला पाणी कमरेइतकं उतरलं होतं, दिवाळीला तळ दिसला. पाणी धरून ठेवणारा थरच फुटला होता, पाणी मुरमातून खोल निघून गेलं. खालच्या शिवारातल्या बोअरवाल्यांना लागलं म्हणतात. आमची विहीर आटली. शेजारच्या गावात चैत्रापर्यंत पाणी होतं. पाऊस पडलेल्या वर्षी टँकर मागणारी आमची एकटी वस्ती.

पंचशीला नांदेडहून आली आणि सरळ तळ्यात उतरली. मी मागं गेलो. मशीन न पोचलेला एक कोपरा होता. तिनं खुरप्यानं काळा गाळ सोलला. खाली पिवळा थर उघडा झाला. त्यावर कुदळीचे घाव होते, एकाशेजारी एक, ओळीनं. एक ओळ उजव्या हाताची, एक डावखुरी. मारोती डावखुरा होता.

तिनं घावांवरून बोट फिरवलं.

"दबलेल्या गाळावर कुदळीचे घाव कसे पडतील, काका?"

मग मी सगळं सांगितलं. साक्षीदार, हराळीची खपली, बाजाराचा दिवस.

"बाबा बी होते?"

"दोघं होतो."

"मी तीनदा विचारलं तुमाला. खड्ड्यात विचारलं, खात्रीनं का म्हणून विचारलं, मशीन थांबलं तवा बी." तिचा आवाज चढला नाही. "सरांचं मी ऐकलं नसतं. तुमचं ऐकलं."

तिनं टेप गुंडाळला. नेहमी पुसून गुंडाळायची, त्या दिवशी मातीसकट गुंडाळला आणि तिथंच ठेवून गेली.

आता ती एका कारखान्यात आहे. धुराचे आणि सांडपाण्याचे आकडे भरून पाठवते. आकडे तिला वरून येतात, मोजावं लागत नाही. सरजाबाई म्हणते, बरं चाललंय. गावाला ती येत नाही. अप्पा चावडीवर म्हणतात, "शिकल्याली पोरगी, तळं बुडवलं तिनं." मी एकदा उभा राहून खरं सांगितलं. लोक हसले. म्हणाले, म्हातारा मारोतीच्या पोरीला सावरून राहिलाय.

मी पाळीवरची पिवळी ढेकळं फोडून, भिजवून परत तळात टाकायला आणि धुमसायला लागलो. दिवसाला वीस घमेली, त्याहून जास्त आता जमत नाही. पंचशीला करायची तसा हिशेब कागदावर मांडला. दोन एकर, दोन फूट जाडी. एक दिवसही खाडा न करता सत्तेचाळीस वर्षं लागतील. माझं वय आता चौसष्ट आहे. पहिल्या उन्हाळ्यात टाकलेलं पावसानं धुऊन नेलं.

शिवलिंगनं साखर बांधून दिली आणि विचारलं होतं, "नोकरी तरी लागती का त्यात?"

"लागती," मी म्हणालो. साखर घरी ठेवली आणि घमेलं उचलून तळ्याकडं गेलो.