आधी मी, मग लालबाग

बंगलोरात पाहण्यासारखं काय काय आहे, असं कुणी विचारलं की अक्का बोटांवर मोजून सांगायची, "आधी मी. मग लालबाग, मग विधानसौध, मग टिपूचा महाल. वेळ उरला तर नंदीचा डोंगर." पाहुणे हसायचे. त्यांना तो विनोद वाटायचा. अक्का मात्र त्यांना आठवड्याचा कार्यक्रम सांगत असायची.

लग्न होऊन मी मल्लेश्वरमला आले ते पन्नासच्या दशकाच्या शेवटी. आमच्या समोरचं घर अक्काचं. तिचे वडील अण्णा तारखात्यात होते. घराणं मूळचं निपाणीकडचं, पण सगळी नोकरी इथेच झालेली. अक्का मुलींच्या शाळेत भूगोल शिकवायची. तिचं खरं नाव तिच्या आईखेरीज कुणी घेत नसे. दूधवाल्यापासून माझ्या नवऱ्यापर्यंत सगळ्यांची ती अक्का. मुलगी आपल्या भाषेच्या घरात पडावी ही अण्णांची एकच इच्छा होती, आणि ती भाषा बोलणारे मुलगे पुण्या-मुंबईला राहत होते. सगळ्या अनर्थाचं मूळ इथे आहे.

मुलगी दाखवण्याचा कार्यक्रम पुण्यात तासाभरात उरकतो. माझा तसाच उरकला होता. पोहे, चहा, चार मूर्ख प्रश्न, नमस्कार. पण बंगलोरची मुलगी पाहायची म्हणजे मिरज-हुबळी करत रात्र गाडीत काढायची. मग एवढं आलोच आहोत तर चार दिवस राहू. राहिलोच आहोत तर म्हैसूर करू. पहिल्या संध्याकाळी मुलगी पाहून व्हायची, "विचार करून कळवतो" हे वाक्य म्हणून व्हायचं, आणि पुढचे सहा दिवस हेच लोक तिच्याच घरी जेवत, तिच्याच आईकडून आंघोळीचं पाणी काढून घेत, तिच्याच मागोमाग गाव पाहत हिंडायचे. बंगलोरची हवा थंड, हे साऱ्या सदाशिव पेठेला ठाऊक होतं. त्यामुळे स्थळं यायची ती नेमकी मे महिन्यात. थंडीत अक्काला कुणी पाहायला आल्याचं मला आठवत नाही.

"नकार पहिल्याच दिवशी का नाही देत हे लोक?" मी एकदा चिडून विचारलं.

"नकार दिला तर नंदीला कोण नेईल?" अक्का म्हणाली. "म्हैसूर होईपर्यंत मी पसंतच असते गं. होग्लि बिडी."

होग्लि बिडी म्हणजे जाऊ दे, सोडून द्या. हे तिचं पालुपद होतं. पाहुण्यांनी कॉफीला नावं ठेवली, होग्लि बिडी. महिनाभरानं पुण्याहून "पत्रिका जमत नाही" असं पत्र आलं, होग्लि बिडी. पत्रिका तर त्यांनी यायच्या आधीच मागवून घेतलेली असायची. ती जमत नाही हे कळायला त्यांना म्हैसूरच्या वृंदावन उद्यानातले दिवे का पाहावे लागले, हे मला अजून कुणी समजावून दिलेलं नाही.

अण्णांचा स्वभाव या लोकांच्या सोयीसाठीच घडवला असावा. पाहुणा घरात असताना त्याच्याकडे उत्तर मागायचं नाही, असा त्यांचा नियम. निरोपाला फाटकापर्यंत जायचं आणि "येतो" म्हणणाऱ्याला दोन्ही हात जोडून "या, या, अवश्य या" म्हणायचं, हा दुसरा. विजेचं बिल द्यायला आलेल्या माणसालाही ते "या" म्हणत. नकार देणारे लोक या घरी पुन्हा कशाला येतील? पण यायचे. एक कुटुंब दुसऱ्या वर्षी सुनेला घेऊन आलं. बंगलोर दाखवायला.

आणि काकू, म्हणजे अक्काची आई. पुण्याच्या माणसाला पोळी लागते आणि आमच्याकडे गहू मिळायचा मोजका. म्हणून काकू वर्षभर घरच्यांना भात आणि नाचणी वाढायच्या आणि गहू मे महिन्यासाठी राखून ठेवायच्या. सहलीचे डबे भरून त्या पाहुण्यांना निरोप देत आणि रात्रीच्या स्वयंपाकाला लागत. इतकी वर्षं बंगलोरात काढून त्यांनी लालबागेतलं काचघर पाहिलेलं नव्हतं. त्यांना काचघराचं वर्णन ठाऊक होतं ते जेवताना पाहुण्यांनी केलेलं.

अक्का सूड घ्यायची तो फक्त चालण्यात. मुलगी लंगडत तर नाही ना, हे पाहायला तिला चालून दाखवायला सांगायची एक रीत होती. एका नवऱ्या मुलाच्या आत्यानं दिवाणखान्यात तशी आज्ञा केली. अक्का म्हणाली, "उद्या दाखवते." दुसऱ्या दिवशी तिनं छत्री काठीसारखी धरली आणि सगळ्या लालबागेला तिच्या त्या शाळामास्तरणीच्या चालीनं प्रदक्षिणा घातली. आत्या तळ्यापाशी बसली ती उठेना. "चाल दिसली का?" अक्कानं अगदी आदरानं विचारलं.

अशी काही वर्षं गेल्यावर रावसाहेब आले.

रावसाहेब ही इंग्रजांनी दिलेली पदवी. सरकार गेलं, पदवी मात्र यांच्याकडेच राहिली. सोबत पत्नी, बँकेतला मुलगा आणि पत्नीची बहीण. ही मावशी "सहज हवापालटाला" आली होती. रावसाहेबांना कोणतीही वस्तू तिच्या जागी पाहता येत नसे. लालबाग पाहून म्हणाले, "आमची एम्प्रेस गार्डन जास्त मोकळी." नव्या विधानसौधापुढे छातीवर हात बांधून उभे राहिले आणि म्हणाले, "पायऱ्या जास्त झाल्या." जणू बांधणाऱ्यांनी यांना विचारायचं राहून गेलं होतं. अण्णांना त्यांनी जेवताना सांगितलं, "तुमचं मराठी बरं आहे, पण त्याला कानडी वास येतो."

"कॉफीचा असेल," अक्का म्हणाली आणि त्यांना आणखी एक पोळी वाढली.

मुलगा कमी बोलायचा. अक्काला प्रथम तो सभ्यपणा वाटला. मलाही. नंदीच्या डोंगरावर त्यानं तिला शाळेबद्दल विचारलं, तिच्या हातातली पिशवी घेतली. परत आल्यावर काकूंनी मला हळूच सांगितलं, "यंदा वेगळं दिसतंय हं." त्या दिवशी होग्लि बिडी अक्काच्या तोंडून एकदाही आलं नाही. मला ते लक्षात राहिलंय.

मग म्हैसूरच्या आदल्या दिवशी सगळे चिकपेटेत रेशमी साडी घ्यायला निघाले. मीही गेले. मुलगी पाहायला आलेले लोक मुलीला बरोबर घेऊन साडी घ्यायला निघतात, याचा अर्थ कुठल्याही शहाण्या माणसानं जो केला असता तोच आम्ही केला. काकूंनी तर देवाजवळ साखर ठेवली होती.

दुकानदारानं घड्यांवर घड्या उलगडल्या. मावशींनी एक गर्द हिरवी साडी उचलली. "अगं, जरा खांद्यावर घेऊन उभी राहा बघू. उंची सारखीच आहे."

अक्का उभी राहिली. मी तिला कोपरानं ढोसलं. तिला तो रंग इतका खुलत होता की दुकानदारही "चन्नागिदे" म्हणाला, छान आहे.

"छान दिसतोय," रावसाहेबांच्या पत्नी म्हणाल्या.

"हिला दिसतोय," मावशी म्हणाल्या. "तिला नाही शोभायचा. ती गोरी आहे ना. तिला मोतिया घ्या, नाहीतर डाळिंबी."

रावसाहेबांच्या पत्नीला खोकला आला. रावसाहेब वर फिरणाऱ्या पंख्याकडे पाहू लागले. मुलगा रस्ता पाहायला दुकानाबाहेर गेला. गेला तो साडीचं पुडकं बांधून होईपर्यंत आत आला नाही. या सगळ्या प्रकरणात माझा सर्वांत जास्त राग त्याच्यावर आहे.

अक्काच्या खांद्यावर साडी तशीच होती. तिनं शांतपणे विचारलं, "साखरपुड्याला हवी का लग्नाला?"

"साखरपुड्याला. ज्येष्ठात आहे," मावशी म्हणाल्या. एकदा सुटलेली गाडी त्यांना थांबवता येत नव्हती.

"अजून तसं पक्कं नाही हं काही," रावसाहेबांच्या पत्नी म्हणाल्या.

अक्कानं हिरवी साडी उतरवून तिची नीट घडी घातली. दुकानदाराला कानडीत सांगितलं की गोऱ्या मुलीला शोभेल असा रंग दाखवा आणि पहिल्या प्रतीचं रेशीम काढा. पदर उलटून पाहिला, जर चोळून पाहिली, दोन साड्या नाकारल्या आणि एक डाळिंबी रंगाची निवडली. दुकानात त्याहून चांगली साडी नव्हती. बाहेर पडल्यावर मी दातओठ खात म्हटलं, "तुला वेड लागलंय का? फाटकी निघेल अशी द्यायचीस बांधून!"

"त्या मुलीचा काय दोष?" अक्का म्हणाली. "जन्मभर या लोकांत राहायचंय तिला. निदान साडी तरी चांगली मिळू दे."

वाटेत रावसाहेब मागून म्हणाले, "उद्या म्हैसूरला किती वाजता निघायचं?"

संध्याकाळी ती आमच्या पायरीवर येऊन बसली. मी म्हटलं, अण्णांना आत्ताच्या आत्ता सांग. ती मान हलवत म्हणाली, "सांगितलं तर म्हणतील, पाहुणे आहेत, जाईपर्यंत धीर धर. मी धरीनही. पण आई पहाटे उठून त्यांच्या पुऱ्या तळेल गं. देवापुढची साखर वाटायला ठेवलीय तिनं." होग्लि बिडी म्हणेल म्हणून मी वाट पाहत होते. ती उठून गेली.

सकाळी त्यांच्या फाटकाशी जटका, म्हणजे आमच्याकडचा टांगा, उभा होता आणि त्यात पाहुण्यांच्या ट्रंका चढवलेल्या होत्या. रावसाहेब कोट घालून बाहेर आले.

"म्हैसूरला एका दिवसासाठी एवढं सामान कशाला, मुली?"

"म्हैसूरला नाही. पुण्याला."

"आमची गाडी रविवारची आहे!"

"गाडी रोज असते, रावसाहेब. आजच्या गाडीला थोडा वेळ आहे, पण आमचं स्टेशनही पाहण्यासारखं आहे. तेवढंच दाखवायचं राहिलंय."

"अण्णासाहेब, हा काय प्रकार आहे?"

अण्णा घाबरेघुबरे होऊन पुढे झाले. "अक्का, पाहुण्यांशी असं बोलतात का?"

"अण्णा, यांच्या मुलाचा साखरपुडा ठरलाय. त्याची साडी काल घेतली. मीच खांद्यावर घेऊन दाखवली."

अण्णांनी रावसाहेबांकडे पाहिलं. "खरं आहे?"

खोटं बोलले असते तर मला त्यांच्याबद्दल थोडा आदर वाटला असता. पण रावसाहेब खाकरून म्हणाले, "तसं बोलणं झालंय. पण म्हटलं, हीही मुलगी पाहून ठेवावी. शिवाय हिच्या बहिणीला हवापालट हवा होता. आणि 'या' असं तुम्हीच लिहिलं होतं की!"

अण्णा आत गेले. काकू स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या, हात पिठाचे. अण्णांनी म्हैसूरसाठी भरलेला डबा त्यांच्याजवळून घेतला, बाहेर आले आणि तो मावशींच्या हातात दिला. "प्रवासात उपाशी राहू नये."

सगळे जटक्यात बसले. मुलगा अक्काकडे पाहत काहीतरी पुटपुटला. अक्का घोड्याकडे पाहत होती. रावसाहेबांनी जन्माच्या सवयीनं काठी उंचावली आणि म्हणाले, "बरं, येतो."

अण्णांचे हात फाटकाच्या कडीवर होते. ते जोडले गेले नाहीत.

"जा," अण्णा म्हणाले.

आवाज चढला नव्हता. पण समोरच्या ओट्यावर उभ्या असलेल्या मलाही तो स्पष्ट ऐकू आला. त्या माणसाच्या तोंडून तो शब्द मी तेव्हा प्रथम ऐकला, आणि शेवटचा.

सहलीच्या बसमधल्या जागा अण्णांनी आधीच राखून ठेवल्या होत्या. अक्का आत गेली, काकूंचे हात धुतले, त्यांना लुगडं बदलायला लावलं. अण्णा, काकू, अक्का आणि घरी निरोप ठेवून मी, असे आम्ही म्हैसूरला गेलो. डबा पाहुण्यांबरोबर गेला होता, म्हणून काकूंनी आयुष्यात प्रथमच बाहेरचं खाल्लं, मद्दूरचे कुरकुरीत वडे. त्यांनी दोनदा मागून घेतले. संध्याकाळी वृंदावन उद्यानात दिवे लागले, कारंजी रंगीत झाली. काकू कठड्याला धरून उभ्या होत्या. एवढी वर्षं या दिव्यांसाठी त्यांनी डबे भरले होते.

"कसं वाटलं गं?" अण्णांनी भीत भीत विचारलं.

काकूंनी पदर सावरला, रावसाहेबांसारखी मान ताठ केली आणि म्हणाल्या, "विचार करून कळवते."

अक्का इतकी हसली की तिला खाली पायरीवर बसावं लागलं. हसता हसता तिचे डोळे वाहायला लागले आणि बराच वेळ वाहत राहिले. काकू तिच्या पाठीवरून हात फिरवत होत्या, पण दिव्यांवरची नजर काही त्यांनी काढली नाही.

त्यानंतर अक्काला पाहायला कुणी आलं नाही. अण्णांनी येऊ दिलं नाही. तिनं लग्न केलं नाही. पुढे ती शाळेची मुख्याध्यापिका झाली. पाहुणे मात्र तिनं आयुष्यभर हिंडवले, माझ्या सासरचेसुद्धा, आणि हौसेनं. बंगलोरात पाहण्यासारखं काय, असं विचारलं की ती एवढंच म्हणायची, "लालबाग." पहिलं नाव तिनं यादीतून काढून टाकलं होतं.

गेल्या वर्षी ती गेली. त्याआधी काही दिवस मी तिच्या उशाशी बसले होते आणि बोलता बोलता पुन्हा त्या रावसाहेबांवर घसरले. मावशी, तो भित्रा मुलगा, ती साडी, सगळ्यांचा उद्धार केला. इतक्या वर्षांनी माझा आवाज तेवढाच चढला होता. अक्कानं मला सगळं बोलू दिलं.

"होग्लि बिडी," ती म्हणाली. मग डोळे मिटून, अगदी समाधानानं म्हणाली, "साडी मात्र चांगली निवडली होती मी."

तिनं सोडून दिलं असेल. मी सोडलेलं नाही.