रिकाम्या हॉलातली टाळी

हसायचं नाही असं आधी कबूल करा, मगच सांगतो. गाढवपणा माझाच आहे, आणि रत्नागिरीत अजूनही कुणी ना कुणी मला तो ऐकवतोच.

तीस-एकतीस साल असेल. मी नुकताच पुण्याहून बांधकामाच्या ओव्हरसियरची परीक्षा पास होऊन आलो होतो. डोक्यावर नवी टोपी, डोक्यात नवं ज्ञान. गावात वाचनालयाचा हॉल झाला होता, चिऱ्याच्या भिंतींचा. तिथलं पहिलं कीर्तन करायचं माझ्या मामांनी. मामा एके काळचे नावाजलेले कीर्तनकार, पण मोठ्या दुखण्यातून उठल्यापासून आवाज पार बसलेला. चार वर्षं ते कीर्तनाला उभेच राहिले नव्हते.

"मागच्या माणसापर्यंत पोचेल काय रे बाळू? नाहीतर उगाच शोभा नको."

हे विचारताना त्यांचा चेहरा असा काही झाला, की मला भरूनच आलं.

"मामा, मी आहे ना," मी म्हटलं. इथेच माशी शिंकली.

रिकाम्या हॉलात जाऊन मी टाळी वाजवली. ती चार वेळा परत आली. एवढ्या घुमण्यात शब्द कसा कळायचा? पुस्तकात होतं, मऊ वस्तू आवाज पितात. मग काय विचारता! चारी भिंतींना आतून गोणपाट ठोकलं, त्यामागे पेंढा कोंबला, मिरकरवाड्याच्या बंदरातून होड्यांची जुनी शिडं आणून छताखाली ताणली. पुन्हा टाळी. एकदम स्वच्छ. मी स्वतःवरच खूश.

कीर्तनाला दुपारी चारला हॉल खच्चून भरला. पागोटी, नऊवारी लुगडी, मांडीवर पोरं. मामांनी नमन सुरू केलं आणि त्यांचा आवाज तिसऱ्या रांगेतच विरला.

मागून एक म्हातारा म्हणाला, "बुवा, कवा सुरू करताव?"

मामा थांबले. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. अहो, माणसंही मऊच असतात की! एवढी माणसं बसल्यावर ती काय कमी आवाज पितात? आणि मी टाळी वाजवली होती रिकाम्या हॉलात.

धावत जाऊन मी गोणपाट ओढलं. अख्ख्या भिंतीचा पेंढा बायकांच्या अंगावर. धुळीनं सगळा हॉल शिंकायला लागला. मामा उपरणं नाकाला लावून अंगणात आले, मागोमाग सगळं गाव.

मग हॉलच्या भिंतीला पाठ देऊन मामा तिथेच उभे राहिले. काय सांगू, त्या उघड्या चिऱ्यानं त्यांचा थकलेला आवाज उचलून थेट अंगणाच्या कडेच्या दगडी गडग्यावर बसलेल्या माणसांपर्यंत पोचवला. तो म्हातारासुद्धा डोळे पुसत होता. तसं कीर्तन मी पुन्हा ऐकलं नाही. आज मामा नाहीत, पण ती संध्याकाळ अजून आठवते.

कीर्तन संपल्यावर मी खाली मान घालून पाया पडलो. मामांनी माझ्या टोपीतली पेंढ्याची काडी काढली आणि भिंतीकडे वळून पाहिलं.

"बाळू, हिला बाहेरून काही केलं नाहीस ना रे?"

"नाही मामा."

"तरीच."