कोणाला पाहायला? तलावाला!

आमच्या तिरोड्याकडे ‘पाहायला जाणे’ म्हणजे मुलगी पाहायला जाणे, दुसरं काही नाही. त्यामुळे मी आणि मोठीमाय, म्हणजे माझी थोरली काकू, सकाळी सकाळी बैलबंडीत बसलो तेव्हा गल्लीत चर्चेला ऊत आला. शेजारची सीतामाय ओसरीवरूनच ओरडली, "कोनाले पाहाले चालल्या वो?"

"बोदलकशाच्या तलावाले!"

"त्याले कायले पाहाचं? पानीच तं हाये!"

स्वराज्य येऊन दहाएक वर्षं होत आली होती, पण लग्न, मयत आणि बाजार सोडून बाईने घराबाहेर पडायचं तर अजूनही कारण द्यावं लागे. माझं कारण होतं संताप. तीन घरचे पाहुणे मला बसवून, चालवून, माझी वेणी हातात धरून पाहून गेले होते, आणि तिन्ही घरांनी ‘पोरगी काळी हाये’ असा निरोप धाडला होता. पुढच्या बाजाराला चौथे येणार होते. मी बाबांना ठणकावून सांगितलं, त्याआधी एक दिवस मी काहीतरी पाहून येणार. मोठीमाय माझ्या बाजूने उभी राहिली, म्हणून बंडी मिळाली.

तुम्हाला जायचं असेल तर धान कापून झाल्यावर, थंडीत जा. चिखल वाळलेला असतो. तरी हाडं खिळखिळी होतातच, बंडीत तणस, म्हणजे धानाचा पेंढा, जरा जास्तच पसरा. आम्ही तांदळाच्या भाकरी आणि लाखोरीच्या डाळीचे वडे बांधून घेतले होते. वडे अर्ध्या वाटेतच संपले.

वाटेतल्या एका गावात मालगुजारांचं, म्हणजे आमच्याकडच्या जमीनदारांचं, जुनं घर आहे. मालगुजारी गेली, मालक नागपूरला राहायला गेले. राखण करणाऱ्या पार्बताबाईने कुरकुर न करता दार उघडलं. सागाचे खांब असे की माझ्या कवेत मावेनात. माडीवर मात्र एक बोटभर भोकांची जाळी होती. तिथून खालची बैठक स्वच्छ दिसत होती.

"हे कायले वो?" मी विचारलं.

"मालगुजाराच्या पोरी हितून पोराले पाहत. नाई आवडला तं डोकं दुखते म्हनत आन् खाली उतरतच नव्हत्या!"

मोठीमाय हसून हसून पायरीवर बसली. मला हसू आलं नाही, रागच आला. त्यांना जाळी, आणि आम्हाला नुसती सतरंजी आणि खाली घातलेली मान!

तलावावर पोचलो तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. तिन्ही बाजूंनी जंगलाचे डोंगर, मध्ये पाणीच पाणी, आणि दूरवर बदकांची काळी रांग. मी पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, बसून पोटभर पाहिलं. कोणी ‘मान खाली घाल’ म्हणालं नाही.

मोठीमाय म्हणाली, "घरी काऊन जाऊन राहिलो आपन? हितंच राहू!"

पण परत आलोच.

बाजाराच्या दिवशी पाहुणे आले. मी त्यांच्यापुढे चहा ठेवला, सतरंजीवर बसले आणि मान वर केली. माझ्याकडे जाळी नव्हती, म्हणून सरळच पाहिलं. मुलगा गोरा होता, केसांना भरपूर तेल. मीच विचारलं, "तुमी बोदलकसा पाहिला का?"

तो बापाकडे पाहू लागला. बाप म्हणाला, "त्याले कायले पाहाचा?"

आई आतून खोकत राहिली.

दोन दिवसांनी निरोप आला: मुलगी तेज आहे, पण पसंत आहे. घरात गुळाची ढेप फुटली. बाबा माझ्यासमोर येऊन बसले आणि आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी मला विचारलं, "तुले का वाटते वो?"

त्या सहलीची धूळ साडीतून गेली, वड्यांची चवही आता नीट आठवत नाही. पण बाबांना दिलेलं उत्तर अजून तोंडपाठ आहे.

"मी पाहून आली, बाबा. तलाव आवडला. पोरगा नाई आवडला."